सदूचा हसायचा शिनेमा

सदू, तू गेल्याचं मले रेडिओनं सांगितलं. पंचायतीच्या रेडिओपुढं मानसं बसेल होती. बातम्या लागल्या अन् एक जन पळत घरी आला, म्हने अक्का, तुमच्या भावाचं नाव घेऊन राह्यले. मी हातातलं सूप खाली ठेवलं अन् गेली. तवर ती रेडिओवाली बाई पुढं सरकली होती. तुनं काढेल शिनेमे एकाएकाचं नाव घेऊन सांगत होती. खडी फोडनारीचा, विहिरीचा, मुक्या पोरीचा, त्या म्हाताऱ्या गुराख्याचा. मोठा मानूस होता म्हने, गरिबाचं दुःख पडद्यावर आननारा. मी उभ्यानंच ऐकलं. सायकलीच्या शिनेमाचं नाव येईन म्हनून थांबली. नाही आलं. मंग बाजारभाव लागले.

तवापासून तेच मनात घोळून राह्यलं. इतके लोक बसाले येऊन गेले, कोनी त्या शिनेमाचं नाव काढलं नाही. चांगल्या घरातल्या दारुड्या पोराचं नाव जसं पाहुने काढत नाहीत, तसं. म्हनून मीच काढते. मी बोलते अन् विमल, माही सून, लिहून घेऊन राह्यली. तिले म्हनलं, बोलते तसंच लिही, शाळेतलं करू नको.

"दोन जावई, एक सायकल." घेतलं नाव. काही आभाळ नाही कोसळलं.

तो शिनेमा तुनं काऊन काढला, ते आपल्या दोघायलेच ठाऊक होतं. त्याची सुरुवात लय मागं हाये. मानमोडीच्या साथीत.

त्या तापानं घरंच्या घरं गेली. बाप आपला आधीच गेला होता, माय आश्विनात गेली. दुसरबीडच्या त्या घरात आपन दोघंच. मी परकरातली, तू आखूड अंगरख्यातला, पुढचे दात पडेल. मायच्या मागं शेजारी भाकर टाकत होते, मंग शेजारीही पडले. त्या दिवशी दुपारी तुनं ज्वारीचं मडकं पालथं घातलं, बुडावर थापटी मारली, कान लावला, अन् होतं तिथं ठेवून देलं.

दिवस भुलाबाईचे. दरसाल पोरी घरोघर भुलाबाई मांडत, गानी म्हनत, टिपऱ्या वाजवत, अन् शेवटी खाऊ झाकून आनत. डबा हालवायचा, वास घ्यायचा, अन् आत काय हाये ते ओळखायचं. ओळखू नाही आलं तर "हरलो" म्हनायचं, मंगच झाकन निघे. त्या साली गावात टिपरी वाजली नाही. कोन वाजवनार. अन् तू दिवे लागायच्या वेळेले हटून बसला, अक्का, भुलाबाई कर.

मी दोन खडे मांडले. म्हनलं ही भुलाबाई, हा भुलोजी. एक गानं म्हनलं. आत जाऊन पितळी घेतली, तिच्यावर दुसरी झाकली अन् आनून तुह्यापुढं ठेवली. म्हनलं, ओळख.

तू म्हनला, लाडू. मी म्हनलं, नाही. करंजी. नाही. मंग खोबऱ्याची वडी, मुरमुरे, गूळशेंगदाने, जिलेबी. जिलेबी तर तुनं कवा पाह्यलीही नव्हती, कोनाच्या तरी तोंडून ऐकेल होती. तू पितळी कानाशी धरून हालवत होता अन् डोळे मोठे करून म्हनत होता, लय जड हाये. शेवटी म्हनला, हरलो. मी झाकन काढलं.

तुनं वाकून पाह्यलं. मंग त्या रिकाम्या पितळीतून चिमूट उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली, गिळली, अन् लग्नातल्या पाहुन्यासारखा म्हनला,

"गोड हाये. मीठ जराक जास्त झालं."

सदू, मी किती हसली त्या दिवशी. भितीले टेकून हसली. पोट दुखाले लागलं, डोळ्यातून पानी आलं, तरी थांबेना. तू माह्याकडं पाहून हसला. तसेच हसत हसत आडवे झालो अन् झोपलो. पुढं साऱ्या जन्मात मी लोकायले हे सांगत आली. असे दिवस काढले म्हनलं, पोराच्या पोटात अन्न नव्हतं, मी त्याले हसवून निजवलं.

बाकीचं काही सांगत बसत नाही. खुरपलं, कापूस वेचला, दुष्काळी कामावर खडी फोडली. तू माह्या टोपल्याजवळ बसून गिट्टीचे बैल करत होता. लग्न होऊन साखरखेर्ड्याले आली तवा तुह्या भाऊजीले पहिलेच सांगितलं होतं, भाऊ संगं येईन. ते बिचारे हो म्हनले. अन् तुले मिसरूड फुटलं नाही तवाच तू शिनेमाच्या तंबूवाल्याच्या मागं निघून गेला. जत्रा जत्रा फिरला, यंत्राचा दांडा फिरवला, मागूनही दिसावं म्हनून पडद्यावर पानी मारलं. मंग कोल्हापूर, मंग पुनं, मंग मुंबई. मी रडली नाही. म्हनलं जाऊ दे, तिथं दोन वेळा जेवन तर असन.

अन् मंग तुह्ये शिनेमे आमच्याच गावाच्या तंबूत याले लागले.

आमच्या तंबूत पडदा मधात. पुढून गडी बसत, मागून बाया. आमाले सगळं उलटं दिसे, सारी दुनिया डावखुरी. तुह्यं नावही उलटं येई म्हनतात. मले सुलटंही वाचता येत नव्हतं, मले काय फरक. पन त्या खडी फोडनारीचा शिनेमा मी उलट्या बाजूनंच पाह्यला अन् जागच्या जागी थिजली. ती बाई रडत नाही. हातोडा उचलते, मारते. एक ढलपी उडून गालाले लागते. ती पदरानं गाल पुसते अन् पदराकडं पाह्यते, घाम हाये का रगत. मंग परत हातोडा उचलते. बस, तेवढंच. बाजूच्या बाया हुंदके देऊन राह्यल्या होत्या. मले रडू नाही आलं. मी मनात म्हनलं, याचं ध्यान तर बैलाकडं होतं, यानं हे कवा पाह्यलं? इतकी वर्सं मले वाटे का त्या उन्हात आपल्याकडं कोनी पाहून नाही राह्यलं. एक जन पाहत होता.

लोक तुले मोठा म्हनत ते उगाच नाही. मी शाळा नाही शिकली, पन कोनी खरं सांगून राह्यलं का नाटक करून राह्यलं, हे बाईले कळते. तू खरं सांगत होता.

पन दर भावबीजेले तू आला का तंबूत तुहाच एखांदा रडायचा शिनेमा. एका भावबीजेले ओवाळून झाल्यावर मी म्हनलं, "सदू, रडाले मले शिनेमा कशाले पाह्यजे? ते काम घरी बसून होते. एखांदा हसायचा काढ नं."

तू ताटातली सुपारी चाळवत म्हनला, "अक्का, रडवनं सोपं हाये. अंधार करायचा, एक बाई बसवायची, अन् आपन गप राहायचं. हसवाले लय अक्कल लागते."

"मंग तुह्याजवळ नाही का?"

"पाहू," म्हनला.

लय वर्सं पाह्यलं तुनं. केस पिकले, दम लागाले लागला, तवा काढला. अन् पेटी घेऊन स्वतः आला, का पहिले अक्काले दाखवतो. तंबूवाल्यानं तुह्यासाठी पुढं खुर्ची मांडली, तू तिच्यावर बसला नाही. मागं येऊन बायायमधी माह्याजवळ पटकुरावर बसला, कोट घालून. शेजारची शेवंता मले म्हने, "काऊन वं, हा गडी इकडं काऊन बसून राह्यला?"

म्हनलं, "भाऊ हाये माहा."

"भाऊ असन तुहा. आमचा कोन?"

"शिनेमा त्याचाच हाये बाई."

"मंग त्यानं घरी नाही पाह्यला का?"

तू मान खाली घालून हसला.

आता शिनेमाचं खरं तेच सांगते, तुले खोटं कवा चाललं नाही. चांगला नव्हता. धोंड्याच्या महिन्यात दोन जावई सासऱ्याच्या घरी येतात, अन् सासऱ्यानं एकच सायकल दोघायलेही कबूल करून ठेवेल असते. इथवर ठीक. मंग ती सायकल विहिरीत पडते, माडीवर चढते, म्हशीच्या शिंगात अडकते. पोलीस चिखलात घसरते, अन् घसरायच्या आधी आपनच म्हनते, अरे बापरे चिखल. सासू छत्री घेऊन पळते. सगळे वरडतात. ज्या मानसानं एक बाई पदर पाह्यते तेवढ्यावर तंबू गप केला होता, त्यानं इतका गोंधळ कशाले घालावा, हे मले कळेना. पोरं उठून खेळाले लागली. बाया घरच्या गोष्टी बोलाले लागल्या.

अन् तू पडद्याकडं पाहतच नव्हता. तू माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता, साथीतला डॉक्टर जीभ पाह्यते तसा. म्हैस आली का माह्याकडं, छत्री आली का माह्याकडं. असं कोनी टक लावून बसल्यावर हसू येते का रे कोनाले?

तेवढ्यात गड्यायच्या बाजूनं एक जन तंबूवाल्याले वरडला, "मालक, तो खडीवालाच लाव नं बे. रडून तरी मोकळे होऊ."

सारा तंबू हसला. त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू तेच. तूही हसला, पन तुह्या तोंडावरचा रंग उतरला, ते मी पाह्यलं. मंग उठला. म्हनला, बिडी ओढून येतो.

तू बाहेर गेला अन् मी हसली. एकदाच. पदर तोंडात कोंबला तरी हसू दाबेना. शेवंता म्हने, "काय झालं वं? तिथं तर काहीच नाही." तू परत आला तवा मी डोळे पुसत होती. तू काही विचारलं नाही. घरी जातानाही नाही.

विचारलं ते सकाळी, यष्टीची वाट पाहत उभे होतो तवा. पहिले आपलं भांडन झालं. मी म्हनलं, तुले हसवता येत नाही, सदू. तू झाकन काढूनच डबा पुढं केला. आत काय हाये ते दिसूनच राह्यलं, मंग मानूस ओळखन काय अन् हसन काय. तुले राग आला नाही. म्हनला,

"अक्का, दुःख झाकून ठेवलं तरी लोकायले त्याचा वास येते. हसनं झाकून ठेवलं तर वाटते डबा रिकामाच हाये."

"वाटू दे नं."

"तुले काय जाते म्हनाले. तंबू रिकामा झाला का मंग?"

यष्टी येताना दिसली तवा तू हळूच म्हनला, "पन तू हसली. कुठं हसली?"

मी म्हनलं, "ओळख."

तुह्या डोळ्यात असा काही उजेड पडला. पिकल्या केसाचा मानूस, पन पुढचे दात पडेल पोरगा दिसला मले. "सायकल विहिरीत पडते तिथं," म्हनला. म्हनलं, नाही. "माडीवर चढते तिथं?" नाही. "सासरा खाटेखाली लपते तिथं?" यष्टी सुरू होऊन राह्यली, तू पायरीवर उभा राहून ओळखून राह्यला. कंडक्टर म्हने, "साहेब, आत चला, बाई काही सांगत नाही."

मी खालून वरडली, "हरलो म्हन."

"नाही म्हनत," तू म्हनला, अन् यष्टी गेली.

मंग वर्सभर तोच धंदा. मुंबईहून कोनी इकडं आलं का तुहा निरोप. मेहकरचा कापूसवाला खास वाकडी वाट करून आला, उंबऱ्यात उभा राहून तोंड गंभीर करून म्हने, तुमच्या भावानं विचारलं, म्हैस का? म्हनलं, नाही म्हना. एका लग्नात अनोळखी पाहुना पुढं आला, म्हने छत्री का? म्हनलं, नाही. शाळेतल्या मास्तरचा साळा मुंबईले होता, त्यानं दोनदा विचारलं, पोलीस का? गावात लोकायले वाटे का आमची काही भानगड चालू हाये. मले मजा येऊन राह्यली होती. मास्तरनं एक दिवस पेपर आनला, त्यात तुह्या शिनेमावर लिहिलं होतं. या मानसानं थांबावं आता म्हने, याले दुःख कळते, हसवनं याचं काम नाही. मी म्हनलं, मास्तर, बाकीचं वाचू नका. रागानं नाही म्हनलं. हेच तर मीही तुले यष्टीपाशी म्हनलं होतं. पन दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना.

मनात ठरवेल होतं, या भावबीजेले ओवाळताना सांगून टाकू. तू हरलो म्हन नाहीतर नको म्हनू. मानूस थकला, किती तानायचं. अन् तू भावबीजेच्या आधीच गेला. मले दुःख याचंच होतं, सदू. मरन तर सगळ्यायले हाये, मी लय पाह्यले. पन ज्याच्यासाठी तुनं म्हातारपनी सारी अब्रू पनाले लावली, ते तुले मिळालं होतं, अन् मी ते झाकून बसली, अन् तू न कळता गेला. ताटातली भाकर मी अर्धीच खाऊन उठत होती.

परवा मालती आली. तुही बायको पुन्याची, मले आजही वन्सं म्हनते. तुही राख घेऊन आली, तुनंच सांगून ठेवेल होतं म्हने. आमी दोघी अन् माहा पोरगा दुसरबीडकडं गेलो, खडकपूर्णा नदीत सोडली. पानी चांगलं होतं. घरी आलो, मी चुलीपाशी बसली, ती भितीले टेकून बसली. मंग म्हने, "वन्सं, एक विचारू? त्या सिनेमातला शेवटच्या पंगतीतला म्हातारा तुम्हाला दिसला होता का?"

माह्या हातातलं लाकूड तसंच राह्यलं.

"लग्नाच्या पंगतीत अगदी टोकाला बसलेला. त्याच्या पानापर्यंत वाढपी येतच नाही, जेवण संपतं. तो रिकाम्या पानावरून घास उचलतो, चावून चावून खातो, आणि म्हणतो, गोड आहे, मीठ जरा जास्त झालं. पैसे लावणारे म्हणाले, हे कापा, याला कोणी हसणार नाही. हे म्हणाले, वाटलं तर म्हैस कापा, सायकल कापा, ते राहू दे. याला एकच माणूस हसणार आहे, त्याच्यासाठी बाकीचा सगळा सिनेमा काढलाय."

मी म्हनलं, "तिथंच तर मी हसली. पन तो बाहेर होता. बिडी ओढाले गेला होता."

मालती म्हने, "बिडी कसली. मी समोर असलो की अक्का हसणार नाही, म्हणून हे उठले. कनातीला भोक होतं, पोरं फुकट बघतात ना, तिथं डोळा लावून उभे होते. मुंबईला आले आणि मला पहिलं हेच सांगितलं, अक्का हसली."

"मंग म्हैस काऊन विचारली? छत्री काऊन विचारली? ते एक सोडून सगळं विचारलं त्यानं."

"मीही तेच म्हणायचे. एकदा बरोबर सांगून टाका ना. तर हे म्हणायचे, ओळखलं की खेळ संपला."

मी लाकूड चुलीत सारलं. तिले भाकर वाढली, मीही खाल्ली. बऱ्याच दिवसानं पोटभर खाल्ली.

ती गेल्यावर मी सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती, अन् हात थांबला. ते मडकं आठवलं. दुपारी तुनंच पालथं घातलं होतं. बुडावर थापटी मारून कान लावून ऐकेल होतं. घरात दाना नाही हे तुले माह्याआधी ठाऊक होतं. पितळीत काय असनार ते खेळ मांडायच्या आधीच ठाऊक होतं. तरी लाडू म्हनला, करंजी म्हनला, न पाह्यलेली जिलेबी म्हनला, कानाशी धरून जड हाये म्हनला. भुलाबाई कर म्हनून तूच हटून बसला होता. माय गेल्यापासून मी तोंड उघडलं नव्हतं, अन् तू तवाही माह्या तोंडाकडंच पाहत होता.

साऱ्या जन्मात मी लोकायले उलटं सांगत आली, पडद्याच्या मागून पाह्यल्यासारखं.

तवा विमल, आता नीट लिही. शिनेमा चांगला नव्हता. म्हैस उगाच होती, छत्री उगाच होती. पन ज्यानं तो काढला त्याले हसवता येत होतं. रेडिओवाल्या बाईले ठाऊक नाही, पेपरवाल्याले ठाऊक नाही, मले इतक्या वर्सात कळलं नाही. दात पडेल होते तवापासून येत होतं.

बाहेर पोरी भुलाबाईची गानी म्हनून राह्यल्या. थोड्या वेळानं डबा घेऊन येतील, आजी ओळखा म्हनतील.

तू हरलो म्हनला नाही, सदू. तुले म्हनायचं कारनच नव्हतं. झाकन धरून मी बसली असं मले वाटे, धरेल तर तुनंच होतं. मीच म्हनते आता. हरली.